खातं उघडलं त्याच आठवड्यात उरकायची कामं

बचत खातं उघडलं किंवा दुकानाचं चालू खातं सुरू झालं की बँकेतून पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड मिळतं. ते कपाटात जातं, फोनवर यूपीआय सुरू होतं आणि बहुतेकांच्या लेखी विषय संपतो. मी जळगावात छोट्या व्यापाऱ्यांच्या वह्या आणि विवरणपत्रं सांभाळतो. रावेर-यावलकडचे केळीवाले, दाणाबाजारातले अडते, दोन-चार सराफ असे माझे लोक. त्यांच्याकडे नवा मुलगा गल्ल्यावर बसला किंवा घरातल्या सुनेचं पहिलं खातं उघडलं की मी पुढची कामं त्यांना याच क्रमाने सांगतो. पहिलं कच्चं राहिलं तर बाकीच्यांचा फारसा उपयोग नाही.

पहिलं काम: मोबाईल नंबर

बँकेच्या लेखी तुम्ही म्हणजे तुमचा मोबाईल नंबर. ओटीपी त्याच्यावर येतो, पासवर्ड त्याच्यावरून बदलतो, यूपीआय त्याच सिमवर चालतं. आणि आपल्याकडे खातं आबांचं पण नंबर सुरतेला कामाला गेलेल्या मुलाचा, हे सर्रास दिसतं. कधी नंबर भाच्याचा असतो, तर कधी ज्याने फॉर्म भरून दिला त्या दुकानदाराचाच! पासबुक घेऊन शाखेत जा आणि विचारा, माझ्या खात्याला कोणता नंबर जोडलाय? तो तुमच्याजवळ असणाऱ्या, तुमच्याच नावावरच्या सिमचा नसेल तर तिथल्या तिथे बदलीचा अर्ज द्या. जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडला असेल तर घाई करा. कंपनी काही महिन्यांनी तो दुसऱ्याला देते, मग तुमच्या खात्याचे मेसेज त्याच्याकडे जायला लागतात.

सिम घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. बसस्टँडजवळ छत्री लावून बसलेला पोरगा अंगठा घेतो आणि म्हणतो, "काका, नीट लागला नाही, परत लावा." कधी तो खरंच लागलेला नसतो. कधी दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावाने दुसरं सिम निघतं आणि ते कुठल्या तरी फसवणूकवाल्याच्या फोनमध्ये जाऊन बसतं. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर किंवा ॲपवर दिसतं. मे २०२३ पासून ही सोय आहे. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'माझा नंबर नाही' असं नोंदवता येतं. हे आज करा आणि दर दिवाळीला वह्या बदलताना पुन्हा करा.

फोनवर अचानक नेटवर्क गेलं आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र आहे, तर टॉवरला दोष देत बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी सिम कंपनीला विचारा, तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम निघालंय का. तसं असेल तर लगेच बँकेला सांगून खात्याचे व्यवहार थांबवा. कुणी फोनवर "कुरिअर अडकलंय, हा स्टार-हॅशचा नंबर दाबा" म्हणाला तर दाबू नका. तुमचे कॉल, आणि ओटीपी सांगणारे कॉलही, त्याच्याकडे वळवण्याचा तो प्रकार असतो. दाबला गेलाच असेल तर ##००२# डायल केल्यावर वळवलेले कॉल रद्द होतात.

दुसरं काम: आधार आणि अंगठा

गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात आधार क्रमांक आणि अंगठा दिला की पैसे निघतात. ओटीपी नाही, कार्ड नाही. सोय उत्तम, पण अंगठ्याचा ठसा आणि आधार क्रमांक दोन्ही कुणाकडे गेले की तोही तेच करू शकतो. यावर उपाय म्हणजे आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करणं, म्हणजे अंगठ्यावरची ओळख बंद ठेवणं. त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा. रेशनच्या मशीनवर अंगठा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडा.

ज्या घरात दर महिन्याला रेशन, निराधारचं अनुदान, पीएम किसानचा हप्ता सगळं अंगठ्यावरच चालतं, तिथे ही कुलूपकिल्ली कटकटीची होते हे मला मान्य आहे. अशांनी निदान दोन गोष्टी पाळाव्यात. केंद्रचालक "फेल झालं, परत लावा" म्हणाला तर आधी छापील पावती मागा, आणि आठ-पंधरा दिवसांनी पासबुक भरून घ्या. अंगठ्यावर पैसे कधीच काढत नसाल तर आधारवरचे व्यवहार बंद ठेवता येतात का ते शाखेत विचारा.

झेरॉक्सच्या दुकानाकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपण आधार, पॅन, पासबुक दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो. त्याच्या संगणकात गावातल्या निम्म्या लोकांची कागदपत्रं पडलेली असतात. तो माणूस भला असेल, पण तो संगणक दिवसभर कोण कोण हाताळतं? प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून फाईल उडवायला सांगा. ओळखीचा असला तरी सांगा, रागावणार नाही. जिथे चालतं तिथे आधारची मास्क्ड प्रत द्या. तिच्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. कागदी प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला.

तुमच्या पॅनवर दुसऱ्याने कर्ज उचललंय का हे तपासायची सोय फुकट आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. न घेतलेलं कर्ज दिसलं तर कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि अहवाल देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. या नियमाची आठवण अर्जातच करून दिलेली बरी.

तिसरं काम: पैसे दोन जागी

माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचं काम हेच, आणि लोक सगळ्यात जास्त कंटाळा याचाच करतात. कापूस विकला, केळीची पट्टी आली, पैसे आले की सगळे एकाच खात्यात, आणि त्याच खात्यावर यूपीआय. म्हणजे चहाचे दहा रुपये आणि पोरीच्या लग्नाचे पैसे एकाच पिनवर! दुसरं खातं उघडा. मोठी रक्कम पहिल्यात राहील, त्याला यूपीआय नाही, जमलं तर नेटबँकिंगही नाही. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं. त्यात आठवड्याला लागेल तेवढंच टाका. चोर शिरलाच तरी त्याच्या हाती आठवड्याचा बाजारच लागेल.

एटीएम कार्डाचे ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू-बंद करता येतात, मर्यादाही घालता येते. परदेशी व्यवहार बंदच ठेवा. टॅपने ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे जातात, तेव्हा पेट्रोलपंपावर कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

यूपीआयचं एकच वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करावं: पैसे घेताना पिन लागत नाही. जुनी मोटारसायकल विकायला काढली की "मी फौजी आहे, जळगावला बदली झालीये, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील" असा फोन येतो. स्कॅन केलं आणि पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

चौथं काम: फोनमध्ये काय शिरतंय

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. पाठवणारा नंबर ओळखीचाही असतो, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. फाईलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ किंवा जेपीजी हवं, तिथे असतं एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल. बोट लावलं की फोन विचारतो, अनोळखी जागेवरून ॲप टाकू द्यायचं का? पत्रिकेला हा प्रश्न पडायचं कारण काय? पुढे ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी तुमच्याआधी तो वाचतो. हाच माल 'पीएम किसान यादी', 'आरटीओ चलान', 'लाडकी बहीण केवायसी' अशा नावांनीही फिरतो. ओळखीच्याकडून आली तरी आधी फोन करून विचारा, "भाऊ, तूच पाठवलं का?"

उघडली गेलीच तर पहिलं काम, मोबाईल डेटा आणि वायफाय बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन. ॲप नुसतं काढून टाकल्यावर सगळं ठीक झालं असं धरू नका. फोनचा जरुरीचा डेटा काढून घेऊन तो पूर्ण कोरा करून घ्या आणि पिन-पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

"स्क्रीन शेअर करा, मी दाखवतो" म्हणणारा बँकेचा नसतो. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला नंबर आजच फोनमध्ये साठवा. बँकांनी आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायची, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सांगितलंय. पत्त्याची शेवटची अक्षरं बघायची सवय लावून घ्या.

"मुंबई पोलिसांकडून बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, कॅमेरा चालू ठेवा, खोली सोडू नका." याला ते डिजिटल अरेस्ट म्हणतात. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नावाचा प्रकारच नाही. यात फसणारे बहुतेक शिकलेले, निवृत्त, बऱ्यापैकी मुदत ठेवी असलेले लोक असतात. घाबरवणं आणि एकटं पाडणं हीच त्याची युक्ती, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: असा फोन आला की तो कट करून मला फोन लावायचा, कुणी कितीही नको म्हणालं तरी. आणि फसवणारा नेहमी हिंदीतच बोलेल असंही नाही. पलीकडून आपल्या खान्देशी बोलीत "काय व्हयनं भो?" आलं म्हणून माणूस आपला होत नाही.

दुकान आणि धंद्याचं खातं

इथे रकमा मोठ्या आणि हात जास्त, म्हणून थोडं सविस्तर.

काउंटरवर पहिली गोष्ट, ग्राहकाच्या फोनवरचं हिरवं टिकचिन्ह म्हणजे पैसे नव्हेत. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी ॲप असतात. आवाज करणारा डबा बोलला किंवा तुमच्या खात्याचा मेसेज आला तरच माल द्या. सणाच्या गर्दीत डबा बंद पडला तर गल्ल्यावरच्या पोराला सांगून ठेवा, आपल्या ॲपमध्ये बघूनच माल सोडायचा. सकाळी शटर उघडल्यावर स्वतःचा क्यूआर एकदा स्कॅन करून बघा, नाव आपलंच येतं का. रात्रीतून वर दुसरं स्टिकर चिकटवून जाणारे महाभाग आहेत.

मोठा फटका बसतो तो खाते क्रमांक बदलल्याच्या निरोपाने. समजा सावद्याचा एक केळी व्यापारी खोक्यांचा माल दर आठवड्याला एकाच कारखान्याकडून घेतो. एक दिवस ईमेल येतो: आमचं जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, यापुढे पैसे या खात्यात पाठवा. लेटरहेड तेच, शिक्का तोच, थकबाकीचा आकडाही पैशापर्यंत बरोबर. फक्त ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे. आकडा बरोबर कसा? कारण दोघांपैकी कुणाचा तरी ईमेल चोर महिनाभर नुसता वाचत बसलेला असतो. मुनीमजी आरटीजीएस करतात आणि पंधरा दिवसांनी खरा कारखानदार उधारीचा तगादा लावतो तेव्हा कळतं.

यावर माझ्या सगळ्या लोकांना मी एकच रीत लावून दिली आहे. खातं बदलल्याचा निरोप कुठूनही आला तरी त्या निरोपात दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्या फोनमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर करायचा, ओळखीच्या आवाजाशी बोलायचं आणि वहीत नोंद ठेवायची, कोण बोललं, किती वाजता. एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी आता घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव बघायची सोय आहे, ती वापरा. नाव जुळलं नाही तर थांबा. मालक चारधामला गेलेत आणि व्हॉट्सॲपवर त्यांच्या फोटोच्या नंबरवरून "अर्जंट पाठव" आलं, तरी हीच रीत.

सराफांचं दुखणं निराळं. अनोळखी गिऱ्हाईक येतं. घडणावळीवर वाद नाही, डिझाइन बघणं नाही, थेट नाणी किंवा बिस्कीट मागतं. पैसे लगेच खात्यात येतात, आणि ते खरेच असतात. चार दिवसांनी बँक खातं गोठवते, कारण ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी लुबाडून आणलेले होते आणि पोलिस माग काढत तुमच्यापर्यंत आले. सोनं गेलं, पैसे अडकले, वर कारागिरांची मजुरी द्यायला खातं चालेना. म्हणून पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे का ते बघा. "मित्राने पाठवले" हे कारण घेऊ नका. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतोच, पण त्याहून कमी रकमेच्या अनोळखी खरेदीलाही ओळखपत्र घ्या आणि त्या दिवसाचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा. खातं गोठलंच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलिस ठाण्याचं नाव लेखी मागा. बिल, ओळखपत्र, चित्रण तपास अधिकाऱ्याला पाठवून विनंती करा की वादातली रक्कमच रोखावी, सगळं खातं नको. आणि मजुरी-कराचं खातं पहिल्यापासून वेगळं असू द्या.

नेटबँकिंगचा पासवर्ड मालक, मुलगा आणि मुनीम तिघांना माहीत, हे बंद करा. चालू खात्यावर बँक दोन वेगळे वापरकर्ते देते, एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा. ते मागून घ्या. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद, मग तो कितीही विश्वासू असो. ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पेची सोय आहे: चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम आधीच बँकेला कळवायची. कोऱ्या चेकवर सह्या करून ड्रॉवरमध्ये ठेवण्याची दाणाबाजारातली जुनी सवय मात्र कुठल्याही सोयीने सुटणार नाही, ती तुम्हालाच सोडावी लागेल.

तुमच्या पॅनवर कुणी बोगस जीएसटी नोंदणी केली आहे का, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून शोधता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

कॉलेजच्या पोरांसाठी एक वेगळी ताकीद. धुळ्यात, जळगावात "तुझं खातं आणि सिम दे, महिन्याला पाच हजार देतो" असं सांगणारे भेटतील. लुबाडलेले पैसे फिरवायला त्यांना अशी भाड्याची खाती लागतात. पोलिस आधी खातेदाराच्या दारात येतात आणि "मला माहीत नव्हतं" या उत्तरावर सुटका होत नाही.

आणि पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० ला. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोराने पैसे पुढच्या खात्यात ढकलण्याआधी ते रोखले जाऊ शकतात, म्हणून "आधी पोराला विचारू, उद्या बँकेत जाऊ" असं करू नका. रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवून बोला. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भरा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायचं. तक्रार क्रमांक वहीत लिहा, मेसेज पुसू नका. मग पोलिस ठाण्यात आणि शाखेत लेखी अर्ज, पोच घेऊनच.

रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक माहीत असू द्या. चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं, तरीही शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर आणि लघुउद्योगाच्या चालू खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार तुमच्यावर, मूलभूत (शून्य शिल्लक चालणाऱ्या) बचत खात्यावर ५,०००. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून. बँकेने कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा. सहकारी बँकांसाठीही अशाच तरतुदींचं परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे त्या प्रसंगीही लवकर कळवण्यात फायदाच आहे.

काउंटरवरचा साहेब "तुम्हीच ओटीपी दिला, काही होणार नाही" म्हणून परत पाठवू शकतो. वाद घालू नका, अर्जाची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८. तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही.

रोखलेली रक्कम आपोआप परत येत नाही. त्यासाठी पोलिस ठाण्यात पाठपुरावा आणि बऱ्याचदा न्यायालयाचा आदेश लागतो. याच मधल्या काळात आणखी एक फोन येतो: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवायला प्रोसेसिंगचे २,००० भरा." त्याच्याकडे तुमचं नाव आणि गेलेली रक्कमही असते, कारण फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. फोन ठेवा आणि तो नंबरही जुन्याच तक्रारीत जोडा.